अठरा गेजचे काका

निगडी प्राधिकरणात सकाळी फिरायला निघालेल्या माणसांत कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस ओळखायला अवघड नसतो. बाकीचे झाडं बघतात, तो फाटकं बघतो. एखाद्या बंगल्याला नवं लोखंडी फाटक बसलेलं दिसलं की तो थांबतो, बिजागरीला हात लावतो, वेल्डिंगवरून अंगठा फिरवतो आणि "ग्राइंडर मारून झाकलंय सगळं" असा शेरा देऊन पुढे जातो. मालक बाहेर आलाच, तर त्याला कुठलं ग्रीस लावायचं तेही सांगतो. यांच्यातही पोटजाती असतात. असेंब्लीवाला गप्पिष्ट, क्वालिटीवाला संशयी, स्टोअरवाला हातचं काही न सोडणारा. हे तिन्ही गुण एकाच देहात पाहायचे असतील तर टूलरूममधला माणूस गाठावा. आमच्या गल्लीला तो गाठावा लागत नाही. तो आपणहून येतो.

गल्लीत त्यांना मायक्रॉनकाका म्हणतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन, आणि काकांची ३५ वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत असे हजारावे भाग पकडण्यात गेली. निवृत्तीनंतर पकडायला मायक्रॉन उरले नाहीत, म्हणून ते आता माणसं पकडतात. दाराची कडी नीट बसत नाही, नळ गळतो, कुकरची शिट्टी होत नाही असं नुसतं म्हणायचा अवकाश, काका दारात हजर. काम चोख करतात. फक्त पाच मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस लागतो, कारण त्यातला निम्मा वेळ आधीच्या मिस्त्रीने केलेल्या पापांचा पंचनामा करण्यात जातो.

एवढ्या व्यवस्थित माणसाची स्वतःची हत्यारं कुठे होती म्हणाल, तर गॅरेजभर. कानशी जुन्या पिशवीत, ड्रिल बिट मिठाईच्या डब्यात, नट-बोल्ट श्रीखंडाच्या डब्यात, एलन की चहाच्या पुड्यात, आणि हातोड्या खिडकीच्या गजांना टांगलेल्या. कारखान्यात हजारो ड्रॉइंगमधून हवं ते डोळे मिटून काढणारे काका घरी मात्र "इथेच होतं" या एकाच पत्त्यावर सगळं शोधायचे. एकदा नातीच्या सायकलचं मागचं चाक काढायला १४-१५ चा पाना हवा होता. सहा-सातपासून वीस-बावीसपर्यंतच्या आठ पान्यांच्या संचातले सात सापडले. आठवा सापडला तोवर नात दुसऱ्याची सायकल घेऊन दहा फेऱ्या मारून आली होती. त्या संध्याकाळी काकांनी घोषणा केली, "आता पेटी घ्यायची. खणांची, चाकांची, गॅरेजमध्ये कायमची उभी राहील अशी. माझी अट साधी आहे. मजबूत हवी आणि परवडणारी हवी."

काकू फोडणीत मोहरी टाकत होत्या. म्हणाल्या, "माझ्या मिसळणाच्या डब्यात सात वाट्या आहेत. लग्नात मिळाला. अजून एकही खण अडकला नाही की मोहरी शोधायला मी गॅरेजमध्ये गेले नाही."

काकांनी हा शेरा नोंदवून घेतला नाही.

मजबूत आणि परवडणारी या दोन शब्दांच्या मध्ये काका पुढचे कित्येक महिने राहिले. त्यांची कंजूष माणसांत गणना करणारे लोक आहेत, पण ते खरं नाही. कंजूष माणसाला पैसे सोडवत नाहीत. काकांना रंगाचे पैसे सोडवत नाहीत. पत्र्याचे, वेल्डिंगचे, बेअरिंगचे पैसे ते विनातक्रार देतील. पण लाल चकचकीत रंग, पुढे लावलेली अॅल्युमिनियमची पट्टी आणि खोक्यावरचा दात दाखवणारा गोरा मेकॅनिक यांचे पैसे त्यांनी का द्यावेत, हे त्यांना आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. अडचण एवढीच की बाजारात या गोष्टी सुट्या मिळत नाहीत.

शोधाची सुरुवात रीतीप्रमाणे बोहरी आळीतून झाली. पुण्याच्या रविवार पेठेतल्या या आळीत खिळ्यापासून कप्पीपर्यंत जे हवं ते मिळतं, आणि जे नको तेही आपण घेऊन येतो. निगडीहून मनपाची बस, तिथून चालत, सोबतीला मी. काकांच्या खांद्यावर शबनम. तिच्यात पाण्याची बाटली, मोजपट्टी, लोहचुंबक, ताणकाटा आणि मऊ फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर. देवदर्शनाला निघालेल्या माणसाच्या पिशवीतही एवढ्या जपणुकीने काही नसतं.

पहिल्या दुकानात शेठने उत्साहाने पाच कप्प्यांची पेटी पुढे केली. वरची मूठ धरून दोन्ही बाजूंना ओढली की कप्पे पायऱ्यापायऱ्यांनी उघडतात, ती. गॅरेजवाले, वायरमन, लिफ्ट दुरुस्त करणारे सगळे हीच वापरतात, आणि किंमतही हलकी. काकांनी ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "चांगली आहे," ते म्हणाले. शेठ पावती फाडायला लागला. "पण ही फिरत्या माणसाची पेटी आहे. तळातली छिन्नी काढायची तर वरचे चारही कप्पे उघडायला लागतात. भरली की वीस किलो होते, आणि सगळा भार या रिव्हेटांवर. रोज कामावर जाणाऱ्याला ठीक. मी जाणार कुठे?" शेवटचं वाक्य ते जरा हळू बोलले. मग लगेच आवाज चढवून म्हणाले, "खणांची दाखवा."

खणांची पेटी आली. लाल, सात खणांची, चाकांवर उभी. शेठने अभिमानाने सांगितलं, "वीस गेज आहे काका. हत्ती उभा करा."

इथे गेजचा हिशोब सांगायला हवा, कारण काका तो प्रत्येकाला सांगतात. गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७. घरच्या पेटीला अंगाला २० गेज चालतो. पण खणांचा तळ आणि चाकं जिथे बसतात तो सांगाडा १८ चा हवा, असं काकांचं मत आहे. मत म्हणण्यापेक्षा ते त्यांचं गोत्र आहे.

काका गुडघ्यांवर बसले. खणाची पुढची कड मोजून उपयोग नसतो, कारण तिथे पत्रा दुमडलेला असतो आणि दुप्पट भरतो. त्यांनी खण पूर्ण बाहेर ओढला आणि मागच्या बाजूला, चॅनलसाठी कापलेल्या खाचेजवळ एकेरी कड शोधली. फडकं उलगडून मायक्रोमीटर काढला. त्याचे जबडे आधी रिकामे मिटवून शून्य तपासलं. मग कड आत घेऊन रॅचेट फिरवलं. टिक, टिक, टिक. चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला. "शून्य पॉइंट ब्याऐंशी."

"बघा!" शेठ म्हणाला. "नव्वदच्या जवळ आलं की."

"थांबा. हा रंगासकट आहे. पावडर कोटिंग एका बाजूला सत्तर मायक्रॉन धरा. दोन बाजूंचं १४०. राहिलं ०.६८. म्हणजे २२ गेज, आणि तोही जरा अशक्त."

दुकानात शांतता पसरली. हातात बिजागऱ्या घेऊन उभं असलेलं एक गिऱ्हाईक हळूच त्या खाली ठेवून निघून गेलं. शेठ म्हणाला, "काका, तीस वर्षांत रंग वजा करणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघितलं." काका हे कौतुक समजले आणि त्याला मायक्रोमीटर कसा धरायचा ते शिकवलं.

दुसऱ्या दुकानातला पत्रा पास झाला. चॅनलही बॉल बेअरिंगचे, खण पूर्ण बाहेर येणारा. काकांनी तो बाहेर ओढून दोन्ही हातांनी वरून दाब दिला, मग डावी-उजवीकडे हलवला. खण फारसा डुलला नाही. काकांच्या चेहऱ्यावर समाधान उमटू लागलं होतं, एवढ्यात दुकानातला पोरगा पुढे सरसावला. "आणि काका, सगळे खण एकदम उघडतात, बघा!" त्याने धडाधड सातही खण ओढले. पेटीने एक क्षण विचार केला आणि ती आमच्या अंगावर यायला निघाली. काकांनी गुडघा लावला, मी खांदा लावला, शेठने देवाचं नाव घेतलं.

"याच्यासाठी इंटरलॉक असतो," गुडघा तसाच ठेवून काका त्या पोराला समजावत होते. "एक खण उघडला की बाकीचे आपोआप बंद राहायला हवेत. भरलेले खण सगळे पुढे आले की वजन पुढच्या चाकांच्याही पुढे जातं. मग पेटी नमस्कार करते. आत्ता रिकामी आहे म्हणून आपण बोलतोय."

"काका, आधी खण ढकलू या का?" मी विचारलं. माझा खांदा १८ गेजचा नव्हता.

इंटरलॉक असलेली, खरोखरच १८ गेजची पेटीही त्या बाजारात होती. तिच्यापुढे काका बराच वेळ उभे राहिले. तिची किंमत ऐकल्यावर आणखी थोडा वेळ उभे राहिले. बसमध्ये त्यांनी मला एक गणित करून दाखवलं. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा ७.८५ किलो भरतो. पेटीचा आणि खणांचा सगळा पत्रा उलगडला, जाडीने गुणला, चॅनल आणि चाकं मिळवली, त्यात मजुरी आणि दुकानदाराचा रास्त नफा घातला, तरी किंमत निम्म्याहून वर जात नव्हती. "उरलेले पैसे कशाचे?" त्यांनी विचारलं. समोरच्या सीटवरच्या बाईंना वाटलं आपल्यालाच विचारतायत. त्या पुढच्या स्टॉपला उतरल्या.

त्यानंतर इतर मार्ग झाले. जुन्या बाजारात बुधवारी गेले, तर तिथे पेटीऐवजी एक जर्मन कानस सापडली. शेजारच्या मुलाने मोबाइलवर पेट्या दाखवल्या, तर काका म्हणाले, "फोटोचा गेज कसा मोजायचा?" प्लॅस्टिकची पेटी कुणी सुचवली तर "तिच्यात राख्या ठेवतात," एवढंच उत्तर. शेवटी त्यांनी भोसरीतल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून पेटी करून घ्यायचं ठरवलं आणि रात्र-रात्र जागून ड्रॉइंग काढलं. फर्स्ट अँगल प्रोजेक्शन, तीन व्ह्यू, प्रत्येक खणाला अधिक-उणे ०.१ ची टॉलरन्स, खाली सही आणि तारीख. फॅब्रिकेटरने ड्रॉइंग सरळ धरलं, उलटं धरलं, आणि हिशोब सांगितला. वर नम्रपणे म्हणाला, "काका, एवढ्यात सेकंडहँड लेथ येईल."

पेटी शेवटी मिळाली ती कुदळवाडीत. चिखलीजवळच्या या भागात भंगाराची गोदामं पसरलेली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथे बुलडोझर फिरवले, ही त्याच्या आधीची गोष्ट. बंद पडलेल्या कारखान्यांचं सामान तिथे यायचं. एका गोदामात पत्र्याच्या ढिगाआड, अंगभर धूळ घेऊन ती उभी होती. करडी, बुटकी, रुंद. दिसायला काहीच नव्हतं, आणि काकांना तेच तर हवं होतं.

त्यांनी वरचा खण ओढला. पहिल्यांदा हटला नाही, मग खर्र करत आला. पूर्ण आला. दुसरा ओढून पाहिला; तो उघडेना. पहिला बंद केला, दुसरा उघडला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. इंटरलॉक शाबूत होता. खणांवर जुन्या चिठ्ठ्या होत्या, "ड्रिल ८ ते १२", "टॅप एम ६", "रीमर". आत कोपऱ्यात पांढरट काहीतरी चिकटलेलं होतं. काकांनी बोटाने खरवडून नाकाशी नेलं. कापूर. टूलरूममधली जुनी माणसं हत्यारांच्या खणात कापूर ठेवायची, पावसाळ्यात गंज धरत नाही म्हणून. काकांनी तळाशी हात फिरवला, एकही लाल डाग हाताला लागला नाही.

"माणूस चांगला होता," ते म्हणाले. त्या अनोळखी माणसाला इतकं मोठं प्रशस्तिपत्र त्याच्या कंपनीनेसुद्धा दिलं नसेल.

मायक्रोमीटरने १.२३ दाखवले. त्यातून रंग वजा करायला काका विसरले नाहीत, पण रंग जागोजागी उडालेलाच होता. भाव विचारला. गोदामवाल्याने बसल्या जागेवरून सांगितलं, "किलोवर आहे. ४५ रुपये."

काका क्षणभर बोललेच नाहीत. सबंध शोधात ज्या एका न्यायाची त्यांना आस होती, तो हा होता. रंगाचे पैसे नाहीत, पट्टीचे नाहीत, गोऱ्या मेकॅनिकचे नाहीत. नुसतं पोलाद, आणि तेही काट्यावर. तरीही काटा १२१ किलो दाखवतोय म्हटल्यावर ते पुढे झाले. सातही खण पालथे करून त्यांनी लोखंडाचा कीस, तुटके बिट आणि तेलकट चिंध्या बाहेर काढल्या आणि पुन्हा वजन करायला लावलं. ११८. तीन किलोंचे १३५ रुपये वाचले. त्यातले शंभर त्यांनी पेटी टेम्पोत चढवणाऱ्या हमालाला चहापाण्याला दिले, कारण त्याने खण बांधल्याशिवाय पेटी आडवी केली नाही.

घरी आल्यावर चाकांचा प्रश्न निघाला. गॅरेजमध्ये शहाबादी फरशी. लहान चाक सांध्यात अडकतं, म्हणून पाच इंची चाकं. दोन सरळ, दोन वळणारी, वळणाऱ्यांना ब्रेक. पेटी ११८, हत्यारं साठ, एकूण १७८ किलो. मी चाराने भागायला निघालो, तर काकांनी थांबवलं. "तीनने भाग. फरशी कधीच सपाट नसते. चौथं चाक नेहमी हवेत असतं. घरातसुद्धा चार माणसांत ओझं तिघांवरच असतं, बघ." काकू आतून म्हणाल्या, "तिघांवर?"

मग मांडणी झाली. जड ते तळाला, रोजचं ते कमरेच्या उंचीला, नाजूक ते वर. प्रत्येक खणात रबरी मॅट, तिच्यात हत्याराच्या आकाराची जागा कापलेली, म्हणजे एक जरी पाना गेला तर रिकामी खाच ओरडून सांगेल. आणि सगळ्यांवर कळस म्हणजे टूलरूममधली बिल्ल्यांची पद्धत काकांनी गल्लीत सुरू केली. कारखान्यात हत्यार न्यायचं तर कामगार आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिडकीत देतो, तो हत्याराच्या खिळ्यावर टांगला जातो, हत्यार परत केलं की बिल्ला परत. काकांनी पत्र्याचे गोल कापून, नंबर ठोकून घरटी वाटले. माझा सात. आता मला स्क्रू ड्रायव्हर हवा असेल तर खिशात बिल्ला लागतो. एकदा विसरलो तर स्कूटरची किल्ली ठेवून घेतली. वाईट वाटलं नाही. ज्याच्याकडून उसनी पक्कड आजवर परत आली नव्हती, त्या शेजाऱ्याकडून चार पावसाळे जुनी हातोडी याच पद्धतीने वसूल झाली.

आता फक्त एक बारीकशी गोष्ट उरली. पेटी ७२ सेंटिमीटर खोल. खण पूर्ण उघडला की पुढे आणखी साठ. त्याच्यापुढे एक माणूस, आणि तो वाकणार असेल तर जरा जास्तच. या सगळ्याची बेरीज केल्यावर गॅरेजमध्ये काकांच्या मारुती ८०० ला जागा उरत नव्हती. काकांसारख्या माणसाने हे आधी मोजलं नसेल, असं समजणारा माणूस काकांना ओळखत नाही. त्यांनी ते पहिल्याच दिवशी मोजलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

"गाडी बाहेर राहू शकते," ते काकूंना म्हणाले. "तिला वरून रंग आहे."

"गॅरेज गाडीसाठी असतं."

"गाडी महिन्यातून दोनदा निघते. पाना रोज लागतो."

"कुणाला?"

यावर काका खण मिटवून तेल पुसत बसले. पण पहिल्या वळवाने गाडीवर गुलमोहराची फांदी पाडली आणि प्रश्न कव्हरवर आला. मजबूत हवं आणि परवडणारं हवं. चौकशी करता काकांना कळलं की कव्हरचं कापड जीएसएमवर, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम यावर विकतात, आणि इथे आकडा मोठा तितकं कापड जाड. "हा हिशोब तरी सरळ आहे," ते खुशीत म्हणाले. दुकानदाराने २०० जीएसएम सांगितलं होतं. काकांनी त्याच्याकडून दहा सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा नमुना म्हणून मागून आणला. तुकड्याचं वजन गुणिले शंभर केलं की जीएसएम निघतो. दोन ग्रॅम भरला तर दुकानदार खरा. पण ताणकाट्यावर दोन ग्रॅम दिसत नाहीत, म्हणून काका स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. काकूंकडे केकसाठी घेतलेला, ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा आहे.

काकूंनी काटा कपाटातून काढला, पण लगेच हातात दिला नाही. झाऱ्याच्या शेजारचा रिकामा खिळा दाखवून म्हणाल्या, "आधी बिल्ला."